आमसुलाचं जीवनचक्र आणि एकोणीस लिटर सांडपाणी

"दे इकडे, मी भरतो," एवढंच मी म्हणालो होतो. मोजून चार शब्द. (लग्नात भटजींच्या मागून मी याहून कितीतरी जास्त शब्द म्हटले होते, पण त्यांचासुद्धा मला इतका ताप झालेला नाही.)

त्याचं असं झालं. माझी बायको मालन आणि शेजारच्या बिल्किसभाभी गेली अकरा वर्षं दर उन्हाळ्यात आमसुलं करतात. रातांब्याची दोन झाडं भाभींच्या परड्यात, सुकवायला गच्ची आमची आणि मेहनत दोघींची. भाभींचे मिस्टर अझीमभाय बोटीवर असतात, वर्षातले नऊ महिने. मी वर्षातले बाराही महिने घरी असतो, पण कामाच्या दृष्टीने आम्हा दोघांत फारसा फरक नाही असं मालनचं मत आहे. आजवर कोणी दारात येऊन मागितली तर अर्धा-पाव किलो आमसुलं वर्तमानपत्रात बांधून द्यायची, एवढाच यांचा धंदा.

यंदा मात्र मुंबईहून फोन आला. राही मॅडम नावाच्या कोणी बाई तिकडे गावाकडच्या वस्तूंचं दुकान चालवतात. त्यांनी कुणाच्या तरी घरी आमच्या आमसुलाची कढी प्यायली आणि पत्ता शोधत शोधत मालनपर्यंत पोचल्या. माल पसंत पडला तर दर वर्षी घेऊ, म्हणाल्या, आणि पाकिटावर 'मालन-बिल्किस, रत्नागिरी' असं छापू. मालनचं नाव आजवर दोनच ठिकाणी छापून आलं होतं, लग्नाच्या पत्रिकेत आणि रेशन कार्डावर. त्या दिवशी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि मी मुकाट्याने जेवलो. तिला इतकं खूश मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मॅडमच्या अटी दोन होत्या. एक, दहा किलो नमुना. दुसरी, एक फॉर्म. फॉर्म चांगला सात पानी होता आणि वर लिहिलं होतं, 'उत्पादनाच्या संपूर्ण जीवनचक्राचे पर्यावरणीय मूल्यमापन'. म्हणजे वस्तू जन्माला येते तिथपासून ती मातीला मिळेपर्यंत तिच्यापायी हवा, पाणी, जमीन यांना किती त्रास होतो, त्याचा तपास. मालनने चष्मा लावला, एकदा वाचलं आणि पहिल्या पानावर लिहायला घेतलं: 'रातांबे झाडाचे. मीठ दुकानातलं. सुकवतो उन्हात.' मग तिने पेनाला टोपण लावलं. तिच्या मते फॉर्म संपला होता.

आता माझी अडचण समजून घ्या. मी मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात बावीस वर्षं क्लार्क आहे. कुठल्या होडीला किती लाद्या गेल्या, कितींना कंपनीच्या दारातच पाणी सुटलं, हे सगळं मी रकान्यांत लिहितो. रिकामा रकाना मला बघवत नाही. दुसऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की काही लोकांचा जीव कासावीस होतो, तसं माझं होतं. सात पानं रकाने आणि त्यात तीन ओळी! मी फॉर्म तिच्या हातातून घेतला आणि ते चार शब्द उच्चारले.

दुसऱ्या दिवसापासून मी तपासाला लागलो. फॉर्मसोबत एक पुस्तिका होती, ती मी तीनदा वाचली. त्यात जाड अक्षरात लिहिलं होतं की कोणतीही पायरी गाळू नये, कोणतीही माहिती लपवू नये. मासळीबाजारातून मी ताणकाटा मागून आणला आणि रातांबे, मीठ, गोणपाट, सुपं असं जे हाताला लागेल ते त्याला टांगून वजन केलं. (मालनच्या पिशवीचंही केलं. त्यात माझ्यासाठी आणलेली मलमाची बाटली निघाली, तेव्हा जरा गहिवरून आलं.) मीठ कुठून येतं हे विचारायला दुकानात गेलो, तर दुकानदाराला वाटलं मी सरकारी माणूस आहे. त्याने मला खुर्ची दिली, थंड दिलं आणि मी निघाल्यावर दुकान दुपारभर बंद ठेवलं. 'ऊर्जा' या रकान्यासाठी मी दोन दिवस गच्चीवर छत्री घेऊन बसलो आणि ऊन किती तास पडतं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी बिल्किसभाभींनी खालून मालनला विचारलं, की भाऊ वर सुकायला घातलेत काय.

सगळ्यात कठीण रकाना शेवटचा. 'वापर झाल्यावर वस्तूचे काय होते?' म्हणजे आमटीतलं आमसूल लोक खातात, चोखून टाकतात, की नुसतं ताटाच्या कडेला ठेवतात? मी ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना विचारलं. आमचे कॅशियर त्यानंतर दोन दिवस पाठ फिरवून जेवले. मग एका सत्यनारायणाला पंगत उठल्यावर मी ताटांच्या कडेची आमसुलं मोजली. त्रेचाळीस ताटं, एकतीस आमसुलं. एकतिसाव्याला यजमान धावत आले, मला हाताला धरून पाटावर बसवलं आणि कळवळून म्हणाले की वाढायचं राहिलं होतं तर सांगायचं ना. मी दुसऱ्यांदा जेवलो.

असा सगळा फॉर्म भरत आला, पण एक रकाना मात्र काही केल्या भरेना. 'सांडपाणी व टाकाऊ पदार्थ.' या दोघी बायका काही टाकतच नाहीत! रातांब्याच्या बिया म्हणाव्या, तर त्यांचं भाभी तेल काढतात आणि टाचेच्या भेगांना लावतात. मिठाची रिकामी गोण पाय पुसायला दाराशी. सुपाचा मोडका काठ चुलीत, चुलीची राख भांड्याला. इतकं काटकसरीचं घर असेल तर मूल्यमापन करणाऱ्याने करायचं काय? रविवारपर्यंत तो रकाना माझ्याकडे पांढराफटक बघत होता.

त्या रविवारी दोघी गाडीतळाजवळ एक रिकामा गाळा बघायला गेल्या. ऑर्डर मिळाली तर पॅकिंग तिथे करायचं असा त्यांचा बेत होता. जाताना मालनने बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत कशाला हात लावू नका. मी हात लावला नाही. मी मापाचा मग लावला.

मागच्या पडवीत एक टप होता आणि त्यात लालभडक पाणी. आमसूल कसं करतात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रातांबा फोडायचा, बिया आणि गर पिळून रस काढायचा, त्यात मीठ घालायचं आणि सालं त्या रसात बुडवून उन्हात टाकायची. सुकली की पुन्हा बुडवायची, पुन्हा सुकवायची. अशा एकेका बुडवण्याला पूट म्हणतात. आता आमच्या घरी, म्हणजे माझ्या आईच्या हाताखाली, तीन पुटं देत. तिसरं झालं की उरलेला खारट रस आई माडांच्या मुळात ओतायची, कारण माडाला मीठ मानवतं. गच्चीवरच्या सालांना मी स्वतः मोजलेली तीन पुटं झाली होती. टपातला रस काम संपवून बसला होता. म्हणजे हेच ते सांडपाणी!

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी मगाने मापून घेतलं, बरोबर एकोणीस लिटर. मग चार बादल्या करून परड्यातल्या चारही माडांना सारखं वाटलं. टप धुऊन उपडा घातला. आणि बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सांडपाणी: १९ लिटर. पुनर्वापर: शंभर टक्के.' शंभराखाली दोन रेघा मारल्या.

दोघी बाराच्या सुमाराला आल्या, गाळा पसंत करून. मालन गाणं गुणगुणत पाय धुवायला मागे गेली आणि गुणगुणणं थांबलं.

"अवो, रस कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

"माडाला."

ती उपड्या टपाकडे बघत राहिली. मग माडांकडे बघितलं. "सगळा?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

भाभी पुढे झाल्या आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तीनच पुटं झाली होती. अजून चार बाकी हायत. आमी सात देतो."

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो की आमच्या आईकडे तीनच देत.

"तुमच्या आईच्या आमसुलाला मुंबईहून कोण फोन करत होतं?" मालन म्हणाली आणि आत निघून गेली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माजघरात जाऊन नुसती बसली आणि गाळ्याचं माप लिहिलेला कागद घडी करून डब्यात ठेवून दिला. हौसेने केलं होतं सगळं, आणि बायकोचं अकरा वर्षांचं काम मी चार माडांना पाजलं होतं.

परिस्थिती अशी होती की नमुना न्यायला पुढच्या सोमवारी माणूस येणार होता. भाभींच्या झाडांचे रातांबे संपले होते. चार पुटांना रस हवा आणि पूट म्हणजे एक दिवसाचं ऊन. मी हिशेब केला आणि छाती काढून सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत रस इथे हजर असेल. ऑफिसात सर्दी झाल्याचं कळवलं. (बर्फाच्या कारखान्यात सर्दीची रजा लगेच मिळते.)

माझा शाळेतला दोस्त बाबल्या लांज्याच्या वाटेवर आत एका वाडीत राहतो, इथून पस्तीस किलोमीटर. त्याच्याकडे रातांबे अजून झाडावर होते. बाबल्याने गोणभर रातांबे दिले, पैशाचं नाव काढू दिलं नाही आणि बदल्यात फक्त दोन तास आपल्या जावयाबद्दल सांगितलं. गोण स्कूटरच्या मागे आवळून बांधली आणि निघालो. पिकलेला रातांबा आवळून बांधायची वस्तू नव्हे, हे मला हातखंब्याच्या नाक्यावर कळलं. तिथे पोलिसाने शिट्टी मारली. माझ्या मागे रस्त्यावर दूरपर्यंत लाल धार लागली होती आणि दोन मोटारसायकलवाले गंभीर चेहऱ्याने माझा पाठलाग करत आले होते. पोलीस गोणीभोवती एक फेरी मारून आला, बोट लावलं, वास घेतला आणि चाटून बघितलं.

"मीठ घाला जरा," तो म्हणाला आणि मला सोडून दिलं.

घरी पोचेपर्यंत निम्मा रस महामार्गाला दिलेला होता. (त्याचा पुनर्वापर शून्य टक्के, तसं मी लिहिलं.) उरलेले रातांबे त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून पिळले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी या कामाला हात लावला. कोपरापर्यंत लाल झालो, नाक खाजवलं तर नाकही लाल झालं. ते बघून भाभींना हसू फुटलं आणि मग मालनही हसली. मग तिने मला पूट द्यायला शिकवलं, सालं कशी दाबायची, किती वेळ ठेवायची. तिसऱ्या पुटाला रंग येतो, पाचव्याला आंबट धरतं आणि सातव्याला ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतं, असं तिची बुरोंडीची आई सांगायची म्हणे. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी हे कधी विचारलंच नव्हतं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं.

रस दोन पुटांपुरताच भरला. मग जयगड. भाभींच्या बहिणीकडे रातांब्यांचा रस काढून ठेवलेला होता, तो तिने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दिला. तो एका पुटाला झाला. सातव्या पुटासाठी पुन्हा बाबल्या. या वेळी रातांबे पिंपात आणले आणि जावयाची राहिलेली हकीकतही ऐकली. शुक्रवारी संध्याकाळी सातवं पूट होऊन सालं उन्हातून उतरली आणि मालनने एक चिमटीत धरून दिव्यासमोर बघितलं. मग मान डोलावली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण फॉर्ममध्ये एक बारीक रकाना होता, 'पुन्हा वापरायची भांडी मूळ ठिकाणी परत गेली का?' जयगडचा डबा आमच्याकडे होता. मालन म्हणाली की कोणीतरी जाईल तिकडे, तेव्हा देऊ. पण मग रकान्यात 'नाही' लिहावं लागलं असतं. शनिवारी मी डबा घेऊन पुन्हा जयगडला गेलो. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून मालनने त्यात रव्याचे लाडू भरले. भाभींच्या बहिणीने लाडू काढून घेतले, आणि रिकामा डबा परत पाठवायचा नसतो म्हणून त्यात सुकी कोलंबी भरून माझ्याच हातात दिला. मी तोच डबा घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा निघालो होतो, पण मालनने स्कूटरची किल्ली काढून घेतली.

हे सगळं मी फॉर्मात प्रामाणिकपणे लिहिलं. बाबल्याकडे दोन फेऱ्या, जयगडला दोन फेऱ्या, एकूण तीनशे बारा किलोमीटर. पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं होतं, काही लपवू नये. सोमवारी माणूस आला, नमुना आणि फॉर्म घेऊन गेला.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. फोन वाजला की मालन हात पुसत यायची आणि तो माझ्या ऑफिसचा निघाला की पुन्हा आत जायची. भाभींनी कसलासा नवस बोलला होता म्हणे, मालनने दोन बोलले होते.

शेवटी एका शनिवारी सकाळी राही मॅडमचा फोन आला. मालनने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि भाभींना कुंपणावरून हाक मारली. मी शेजारी बसलो होतो, फॉर्मबद्दल कौतुकाचा एखादा शब्द येईल या आशेने.

मॅडम म्हणाल्या की आमसूल अप्रतिम आहे, असं आमसूल आमच्या दुकानात कधी आलंच नव्हतं. भाभींनी मालनचा हात धरला. मॅडम पुढे म्हणाल्या की फक्त एक गोष्ट आम्हाला कळत नाही. झाड परसातलं, सुकवणं उन्हावर, यंत्र एकही नाही, कचरा जवळजवळ शून्य. असं असताना पर्यावरणाला होणारा त्रास मोजला, तर आमच्या दुकानातल्या एकूण एक मालात तुमचं आमसूल पहिलं आलं. परदेशातून बोटीने येणारा मालसुद्धा त्याच्या मागे आहे. आम्ही दोनदा तपासून बघितलं.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो कुठला, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. मी खुर्ची हळूच मागे सरकवली.

"सगळा भार एकाच नोंदीत आहे," मॅडम म्हणाल्या. "मूल्यमापन करणारे गृहस्थ आणि त्यांची स्कूटर. मालनताई, एवढी एक नोंद गेली तर तुमची ऑर्डर आजच पक्की करते. पण मला आधी सांगा, हे गृहस्थ या प्रक्रियेत आवश्यक आहेत का?"

मालनने माझ्याकडे बघितलं. भाभींनीही बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माणसाला वाटतं की या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब यावं. ती मात्र विचार करत होती, अगदी मनापासून.

"काढून टाका," मालन फोनमध्ये म्हणाली. "चवीत काय फरक पडायचा नाय."